डब्यातल्या पीचचा जागतिक व्यापार: पिकवतो चीन, विकतो ग्रीस, असं का?

रानजाई

नमस्कार मंडळी. विषय जरा आडवळणाचा आहे, पण इथे फळप्रक्रियेतले, आयात-निर्यातीतले, व्यापार कायदा वाचणारे असे सगळेच लोक येतात म्हणून इथेच विचारते. शेतमालाच्या व्यापारातले वाद या विषयावर मला एक मोठं टिपण लिहायचंय. गहू, साखर, कापूस यांवर सगळेच लिहितात, म्हणून मी मुद्दाम एक छोटा माल निवडला, पाकातले डबाबंद पीच. माहिती काढायला बसले आणि चक्रावलेच.

बघा ना, जगात पीच आणि नेक्टरिन (गुळगुळीत सालीचा पीचच) मिळून जेवढं पिकतं त्यातलं निम्म्याहून जास्त एकट्या चीनमध्ये पिकतं. मग डबाबंद पीचच्या निर्यातीतही पहिलं नाव चीनचंच असायला हवं ना? पण तिथे वर्षानुवर्षं ग्रीस पुढे, आणि तोही अख्खा देश नाही, उत्तरेकडचे दोन जिल्हे म्हटलं तरी चालेल. दुसरीकडे अमेरिका, जिचे कॅलिफोर्नियातले डबे एके काळी युरोपात जायचे, ती आज स्वतःच बाहेरून डबे विकत घेते. हे चक्र उलटं कसं फिरलं?

आणि सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे भांडणं. अर्जेंटिना आणि चिली या पीचवरून थेट डब्ल्यूटीओच्या (जागतिक व्यापार संघटनेच्या) पॅनेलपर्यंत, म्हणजे वाद ऐकणाऱ्या समितीपर्यंत गेले, न्यूझीलंडने ग्रीसच्या डब्यांवर अँटी-डंपिंग ड्यूटी (फार स्वस्तात ओतलेल्या मालावरचा जादा कर) लावली, त्याच्या कितीतरी आधी अमेरिका आणि युरोप गॅटमध्ये, म्हणजे डब्ल्यूटीओच्या आधीच्या व्यापार करारात, एकमेकांविरुद्ध उभे होते. जगाच्या एकूण व्यापारात या मालाचा वाटा नखाएवढाही नाही, तरी प्रत्येक देश एवढा इरेला का पेटतो? आणि असे कर लावून खरंच कोणाची बाग वाचली का? ज्यांना जेवढं माहिती असेल तेवढं सांगा, तुकड्या-तुकड्याने सांगितलंत तरी चालेल, मी जोडून घेईन.

बॉयलरवाला

चांगला विषय काढलात. मी फळं डबाबंद करण्याच्या धंद्यात बरीच वर्षं आहे, कायद्याचं बाकीचे सांगतील, मी झाडापासून सुरू करतो कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

ताजा खायचा पीच आणि डब्यातला पीच यांच्या जातीच वेगळ्या. ताज्याचा गर पिकला की मऊ पडतो, रस सुटतो, हनुवटीवरून ओघळतो, लोकांना तेच आवडतं. तो पीच डब्यात घालून उकळला तर हाती नुसता लगदा येतो. डब्यासाठी लागतात क्लिंगस्टोन जाती, म्हणजे ज्यांची कोय गराला घट्ट धरून असते आणि ज्यांचा गर पूर्ण पिकल्यावरही टणक राहतो, दाताला लागतो. पिवळाधमक रंग हवा, कोयीजवळ लाल छटा नको, कारण शिजल्यावर ती तपकिरी होते आणि गिऱ्हाईक म्हणतं फळ खराब आहे. चीनमध्ये जे प्रचंड पीक दिसतं त्यातलं बहुतेक ताजं खायचं आहे आणि ते घरच्या घरीच संपतं. त्यामुळे एकूण पीच किती पिकले हा आकडा डब्याच्या व्यापारासाठी जवळजवळ निरुपयोगी आहे, क्लिंगस्टोन किती आणि ते कारखान्यापासून किती लांब, हे बघायचं.

आता कारखान्यात काय होतं ते. फळ आलं की आकारानुसार वेगळं होतं, मग यंत्र ते शिवणीवर चिरतं आणि दोन्ही अर्ध्या भागांना उलट्या दिशेने पीळ देऊन कोयीपासून सोडवतं. अर्धी फाक पालथी पडून पुढे जाते, वरून गरम कॉस्टिक सोड्याचा फवारा बसतो, साल सुटते, धुवून निघते. साल निघाली की माणसं बघतात, डाग किती, कड फाटली का, कोयीचा तुकडा राहिला का. अख्ख्या सुबक फाकेला सगळ्यात चांगला भाव, ती फाटली तर स्लाइस, त्याहून बारीक झाली तर चौकोनी तुकडे, उरलेलं प्युरीला. म्हणजे शंभर किलो फळातून अख्ख्या फाका किती निघाल्या यावर त्या दिवसाचा नफा ठरतो, आणि ते ठरतं फळ किती काळजीने तोडलं, किती लवकर आणलं यावर. पीच आंबट फळ आहे, पीएच ४.६ च्या बराच खाली असतो, त्यामुळे भाजी किंवा मांसासारखं १२१ अंशाला प्रेशरखाली ठेवावं लागत नाही, उकळत्या पाण्याच्या तापमानाला काम होतं. यंत्रणा त्या मानाने सोपी, म्हणून कारखाना कोणीही काढू शकतो असं वाटतं. पण हंगाम बघा ना, उत्तर गोलार्धात जुलै ते सप्टेंबर, दक्षिणेत जानेवारी ते मार्च. तेवढ्या काळात रात्रंदिवस चालवायचं आणि वर्षभराचा माल भरून ठेवायचा. बाकीचे महिने यंत्रं एक तर रिकामी किंवा पेअर, जर्दाळू, फ्रूट कॉकटेलवर. त्यामुळे बाग लांब असेल तर हा धंदा बसतच नाही.

ग्रीसमध्ये हे सगळं एका पट्ट्यात आहे, मध्य मॅसिडोनियातले इमाथिया आणि पेला हे दोन जिल्हे, वेरिया, नाउसा, स्कीद्रा या गावांच्या आसपास मैदानभर क्लिंगस्टोनच्या बागा, त्यांच्या मध्येच कारखाने, त्यातले काही शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांचे, आणि थेसालोनिकीचं बंदर दीड-दोन तासांच्या आत. घरात खप थोडा, त्यामुळे जवळजवळ सगळा माल बाहेरच. चीनचं उलट आहे. शानडोंग, आनह्वे, दालियन अशा भागात कारखाने भरपूर आहेत, निर्यातही मोठी आहे, पण घरचा खपही तेवढाच मोठा. डिसेंबर २०२२ मध्ये तिथे कोविडचे निर्बंध सैल झाले आणि घरोघरी लोक आजारी पडले तेव्हा पिवळ्या पीचचे डबे दुकानांतून नाहीसे झाले होते, कारण ईशान्य चीनमध्ये लहानपणी आजारी पडलं की हाच डबा उघडून द्यायची पद्धत. ज्या देशाला असं घरचं गिऱ्हाईक आहे त्याला निर्यातीवाचून अडत नाही.

हिशेबनीस

वरचं सगळं बरोबर, पण ग्रीसमधल्या त्या बागा एवढ्या वाढल्या कशा हे सांगितल्याशिवाय गोष्ट अर्धवट राहते. चांगली जमीन आणि जवळचं बंदर ग्रीसकडे आधीपासून होतं, मग झेप १९८० च्या दशकातच का घेतली?

तर तेव्हाच्या युरोपीय समुदायाने (आजच्या युरोपीय संघाचं जुनं रूप) १९७८ मध्ये प्रक्रिया केलेल्या फळभाज्यांसाठी उत्पादन अनुदान सुरू केलं, पीच त्यात होताच. पद्धत अशी की कारखानदाराने शेतकऱ्याशी करार करायचा, त्याला ठरवून दिलेला किमान भाव द्यायचा, आणि हा भाव देऊन डबा बाहेरच्या देशांच्या डब्यापेक्षा महाग पडतो म्हणून मधला फरक समुदायाने कारखान्याला द्यायचा. शेतकऱ्याला भावाची खात्री, कारखान्याला फरकाची खात्री. १ जानेवारी १९८१ ला ग्रीस समुदायात आला आणि हे सगळं त्याला लागू झालं. अशी हमी मिळाल्यावर माणूस झाडं लावणारच की! मी त्या शेतकऱ्यांना अजिबात दोष देत नाही, कोणीही शहाणा माणूस तेच करेल.

इकडे कॅलिफोर्नियाच्या लोकांच्या हातून युरोपचं गिऱ्हाईक जायला लागलं. ऑक्टोबर १९८१ मध्ये कॅलिफोर्निया क्लिंग पीच अॅडव्हायजरी बोर्ड वगैरेंनी अमेरिकन सरकारकडे कलम ३०१ खाली (दुसऱ्या देशाच्या अन्याय्य व्यापाराविरुद्ध दाद मागायचं अमेरिकन कायद्यातलं कलम) अर्ज केला, प्रकरण गॅटच्या पॅनेलकडे गेलं. आता गंमत नाही, फार महत्त्वाचा मुद्दा आहे म्हणून नीट वाचा. अमेरिकेचं म्हणणं असं नव्हतं की अनुदान देणं हाच नियमभंग आहे. म्हणणं असं होतं की तुम्ही आमच्याशी वाटाघाटी करून पीचवरची आयात ड्यूटी एका मर्यादेत बांधून दिलीत, त्याच्या मोबदल्यात आम्ही काही दिलं, आणि नंतर आत अनुदान सुरू करून त्या सवलतीचा आम्हाला होणारा फायदाच पुसून टाकलात. नियम मोडला नाही तरी फायदा बुडाला, असा दावा. पॅनेलने पीच, पेअर आणि फ्रूट कॉकटेलच्या बाबतीत अमेरिकेचं म्हणणं मान्य केलं, बेदाण्यांच्या बाबतीत नाही. अहवाल १९८५ च्या फेब्रुवारीत आला पण तो कधीच स्वीकारला गेला नाही, कारण त्या काळात हरलेला पक्षही अहवाल अडवून धरू शकत असे. सप्टेंबरमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी डिसेंबरची मुदत घालून प्रत्युत्तरादाखल कारवाईची धमकी दिली आणि वर्ष संपता संपता दोघांनी तडजोड केली, युरोपने अनुदानाला लगाम घालायचं कबूल केलं.

पण तोवर झाडं लागली होती. हे कोणी लक्षात घेत नाही. पीचचं झाड तिसऱ्या-चौथ्या वर्षी हाताशी येतं आणि पंधरा-वीस वर्षं फळ देतं. करार डिसेंबरमध्ये होतो, झाड काही डिसेंबरमध्ये थांबत नाही. कारखाने उभे राहिले, माणसं तयार झाली, इतर देशांतले खरेदीदार बांधले गेले. पुढे २००७ च्या सुधारणेत युरोपने हे प्रक्रियेचं अनुदान मोडीत काढलं आणि हळूहळू ती रक्कम मालाशी न जोडता थेट शेतकऱ्याच्या खात्यात द्यायला सुरुवात केली, तरीही ग्रीस पहिलाच राहिला. कोणी विचारलं की ग्रीस स्वतःच्या ताकदीवर पुढे आहे की अनुदानाच्या, तर माझं उत्तर, अनुदानाने उभा राहिला आणि नंतर ताकद आली.

रानजाई

बापरे, हे झाडाचं आयुष्य आणि कराराची तारीख असं एकत्र ठेवून मी बघितलंच नव्हतं. हिशेबनीस, खूप आभार. आता अर्जेंटिना-चिलीचं कोणी सांगेल का? मी निकालाचा सारांश वाचला पण अर्जेंटिना नेमका कशात हरला ते कळलं नाही. आयात तर वाढली होती ना?

कलम_एकोणीस

मी सांगतो, हे प्रकरण माझ्या आवडीचं आहे. डब्ल्यूटीओत त्याचा नंबर डीएस २३८.

पार्श्वभूमी अशी. अर्जेंटिनात मेंडोझा प्रांतात डब्यासाठीचा पीच होतो, आणि १९९० च्या दशकाच्या शेवटी तिथले उत्पादक बाहेरच्या स्वस्त डब्यांनी हैराण झाले. सरकारने २००१ मध्ये सेफगार्ड लावलं, तीन वर्षांसाठी किलोमागे ठरावीक ड्यूटी, पहिल्या वर्षी अर्धा डॉलर, मग ४५ सेंट, मग ४० सेंट. सेफगार्ड म्हणजे काय ते आधी स्पष्ट करतो कारण लोक ते आणि अँटी-डंपिंग यांची गल्लत करतात. अँटी-डंपिंगमध्ये आरोप असतो की समोरचा स्वतःच्या घरी विकतो त्याहून कमी भावात आमच्याकडे ओततोय. सेफगार्डमध्ये कोणावरच आरोप नसतो, माल सचोटीने आला असला तरी तो एवढा आणि इतका अचानक आला की आमचा उद्योग कोसळेल, म्हणून थोडा काळ दार ओढून घेतो, एवढंच. समोरच्याची काही चूक नसताना त्याला त्रास द्यायचा असतो म्हणून अटी कडक, आणि मला वाटतं त्या तशाच असायला हव्यात.

चिलीने सप्टेंबर २००१ मध्ये तक्रार केली, पॅनेलचा अहवाल फेब्रुवारी २००३ मध्ये आला, अपील झालं नाही आणि एप्रिलमध्ये तो स्वीकारला गेला. अर्जेंटिना तीन ठिकाणी अडकला. गॅटच्या कलम १९ मध्ये अट आहे की आयातवाढ 'अनपेक्षित घडामोडींमुळे' झालेली हवी. अर्जेंटिनाने जगात उत्पादन वाढलं, साठे वाढले, भाव पडले असं मांडलं. पॅनेलचं म्हणणं थोडक्यात असं की आयात वाढली हे सांगणं म्हणजे अनपेक्षित घडामोड सांगणं नव्हे, नेमकं काय घडलं, वाटाघाटींच्या वेळी ते का दिसू शकलं नसतं, हे तुमच्या चौकशीच्या अहवालात लिहिलेलं हवं होतं. नंतर वकिलाने पॅनेलसमोर येऊन सांगून उपयोग नाही.

तुम्ही विचारलंत ती आयात हा दुसरा मुद्दा. वाढली होती, पण कुठून मोजायचं? चौकशी अनेक वर्षांच्या काळाची होती आणि त्या काळात आयात आधी घसरली, मग वर आली. तळापासून मोजलं तर वाढ दिसते, पण सुरुवातीच्या वर्षापासून शेवटपर्यंत बघितलं तर चित्र वेगळं. पॅनेल म्हणालं की तुम्ही सबंध काळाचा कल तपासलाच नाहीत, घसरणीला काही उत्तर दिलं नाहीत. पीचसारख्या मालात हे फार जिव्हारी लागणारं आहे, कारण एक गारपीट, एक उशिराचा हिमदव आला की घरचं पीक बुडतं, त्या वर्षी आयात वाढते, पुढच्या वर्षी पीक चांगलं आलं की पडते. दोन वर्षं निवडून काहीही सिद्ध करता येतं. तिसरा मुद्दा गंभीर हानीच्या धोक्याचा, तिथेही कायद्याने सांगितलेले सगळे घटक तपासल्याचं दिसलं नाही. थोडक्यात अर्जेंटिनाचे शेतकरी अडचणीत नव्हते असं कोणी म्हटलं नाही, सरकारने गृहपाठ कच्चा केला म्हणून हरले. मला या निकालाचं वाईट वाटतं आणि तरीही तो बरोबर वाटतो.

मळेवाली

कलम_एकोणीस, तुमचं कायद्याचं विवेचन छान आहे पण 'गृहपाठ कच्चा' म्हणून विषय संपत नाही हो. रानजाईंचा खरा प्रश्न होता बाग वाचली का. त्याचं उत्तर ऑस्ट्रेलियात बघा.

व्हिक्टोरिया राज्यात गोलबर्न व्हॅली, तिथे शेपर्टन गाव, तिथे १९१७ पासूनचा फळांचा कारखाना, एसपीसी. २००५ मध्ये तो कोका-कोला अमाटिलने घेतला. २०१० नंतरच्या वर्षांत ऑस्ट्रेलियन डॉलर इतका वधारला की अमेरिकन डॉलरच्या वर गेला, म्हणजे बाहेरचा डबा आपोआप स्वस्त आणि यांचा डबा बाहेर विकायला महाग, त्यात सुपरमार्केटांनी स्वतःच्या नावाचे स्वस्त डबे आयात करून मांडले. २०१३ मध्ये कारखान्याने शेतकऱ्यांकडून घ्यायचं फळ एकदम निम्म्यावर आणलं, कित्येकांना तर करारच मिळाला नाही. आता वर बॉयलरवाल्यांनी सांगितलंय की हे फळ वेगळ्या जातीचं. मग कारखाना घेत नाही म्हटल्यावर तो शेतकरी ते फळ कुठे नेणार? ताज्या बाजारात त्याला कोण विचारतो? लोकांनी बुलडोझर लावून धरत्या बागा उपटल्या. पंचवीस पिशव्या खत घालून, छाटणी करून वाढवलेलं झाड, ज्याला अजून दहा वर्षं फळ आलं असतं.

सरकारने सेफगार्ड लावावं म्हणून चौकशी झाली, प्रॉडक्टिव्हिटी कमिशनने (सरकारला आर्थिक सल्ला देणारी संस्था) डिसेंबर २०१३ मध्ये सांगितलं की लावू नये, आयात अचानक उसळलेली दिसत नाही आणि तोट्याला इतर कारणंही आहेत. कागदावर ते बरोबरही असेल. पण मग जानेवारी २०१४ मध्ये केंद्र सरकारने कारखान्याला २.५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची मदत नाकारली, आणि पुढच्याच महिन्यात राज्य सरकारने २.२ कोटी दिले. म्हणजे मदत लागणारच होती, फक्त कुठल्या खिशातून एवढाच वाद होता. २०१९ मध्ये मालकांनी तो कारखाना ४ कोटींना विकून टाकला.

म्हणून मला एवढंच म्हणायचंय की शेतकरी इरेला पेटतो कारण त्याच्याकडे दुसरं गिऱ्हाईकच नसतं. परिसरात एकच कारखाना, तो गेला की बाग म्हणजे नुसतं सरपण. गव्हाच्या शेतकऱ्याला पुढच्या वर्षी दुसरं काही पेरता येतं. व्यापाराच्या आकड्यात हा माल नखाएवढा असेल, त्या खोऱ्यात तो सगळं काही असतो.

कलम_एकोणीस

मळेवाली, पटलं. तुमचा मुद्दा मी खोडत नाहीये. फक्त एक जोडतो, ड्यूटी लावल्याने दर वेळी काही साधतं असंही नाही. न्यूझीलंडचं बघा, १९९६ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या डब्यांवर अँटी-डंपिंग, १९९८ मध्ये ग्रीसच्या, २०११ मध्ये स्पेनच्या. एक दार लावलं की माल दुसऱ्या देशाच्या दाराने येतो, कारण पाकातली फाक ग्रीसची की स्पेनची हे खाणाऱ्याला कळत नाही आणि खरेदी करणाऱ्या साखळी दुकानाला त्याच्याशी देणंघेणं नाही. त्यात मोजमापाची कटकट, तुलना करायची तर डबा त्याच आकाराचा, फाक की स्लाइस तेच, पाक पातळ की दाट तेच, आणि दोन्हीकडचे भाव कारखान्याच्या दारावरचे काढायचे, म्हणजे बोटीचं भाडं, विमा, हाताळणी सगळं वजा करून. चौकशीचे कागद वाचलेत तर अर्धा अहवाल याच वजाबाकीत जातो.

हिशेबनीस

अमेरिकेचं उलटं चक्र राहिलंय ना, ते सांगतो. कॅलिफोर्नियातली सहकारी संस्था ट्राय व्हॅली ग्रोअर्स २००० साली दिवाळखोरीत गेली, फार मोठी संस्था होती, तिच्याबरोबर क्लिंगस्टोनवाल्यांचा मोठा आधार गेला. त्यानंतर कारखाने कमी कमी होत गेले, बागा बदामाकडे वळल्या कारण बदाम यंत्राने झाडून घेता येतो आणि पीच हातानेच तोडावा लागतो, मजुरीचा फरकच एवढा की कोण थांबेल? डबाबंद फळांची मोठी कंपनी डेल मॉन्टे फूड्सनेही जुलै २०२५ मध्ये दिवाळखोरी संरक्षणाचा अर्ज केला.

आणि हे सगळं झालं आयात ड्यूटी असताना! अमेरिकेत डबाबंद पीचवर नेहमीचीच ड्यूटी १७ टक्के आहे, बऱ्याच मालांपेक्षा कितीतरी जास्त. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्यावर आणखी १० टक्के बसले, ग्रीसमध्ये घबराट झाली. मग ऑगस्टमध्ये युरोपसाठी असा नियम आला की एकूण ड्यूटी १५ टक्क्यांपर्यंत न्यायची, पण ज्या मालावर आधीच १५ किंवा जास्त आहे त्यावर जादा काही नाही. त्यामुळे ग्रीसचा डबा पुन्हा १७ वर आला. त्याच सुमारास स्टीलवरची ड्यूटी मात्र ५० टक्क्यांवर गेलेली. डबा कशाचा असतो? टिनप्लेटचा, म्हणजे कथिलाचा पातळ थर दिलेलं स्टील, आणि अमेरिकन कारखाने ते बऱ्यापैकी बाहेरून घेतात. म्हणजे घरचा कारखाना रिकामा डबा महाग घेणार आणि ग्रीसचा भरलेला डबा फळावरची ड्यूटी भरून आत येणार. पीचवाल्याला वाचवायचं की पोलादवाल्याला, हे एकाच सरकारला एकाच वेळी जमलेलं नाही. रानजाई, टिपणात हे नक्की घ्या, माझ्या मते सगळ्या विषयातलं हे सगळ्यात बोलकं उदाहरण आहे.

रानजाई

घेणारच! शेवटचं एक विचारते, मी सगळे आकडे २००८७० या एचएस कोडखाली (सीमाशुल्काच्या नोंदीत प्रत्येक मालाला दिलेला जगभर सारखा क्रमांक) काढलेत. तेवढं पुरेसं आहे का? आणि काही ठिकाणी नेदरलँड्स आणि जर्मनीची निर्यात दिसते, तिथे कुठे पीच डबाबंद होतात?

बॉयलरवाला

होत नाहीत, ते फेरनिर्यातीचे आकडे. ग्रीस-स्पेनचा माल तिथल्या गोदामात येतो आणि पुढे जातो. मोजताना तो दोनदा धरला जातो, म्हणून मूळ उत्पादक देशांचीच निर्यात बेरजेला घ्या.

कोड बरोबर आहे पण त्यात काय येतं ते बघून घ्या. २००८७० मध्ये पीच आणि नेक्टरिन दोन्ही येतात, आणि डबा पत्र्याचाच हवा असं काही नाही, काचेची बरणी, प्लास्टिकचा छोटा कप, कारखान्यांना जाणारे मोठे पिंप हे सगळं त्यातच. अलीकडे वाढ आहे ती चौकोनी तुकड्यांच्या प्लास्टिक कपात, अख्ख्या फाकेच्या डब्यात नाही, हे एकाच आकड्यात लपून जातं. जॅम आणि प्युरी २००७ या कोडमध्ये, रस २००९ या कोडमध्ये, गोठवलेले ०८११, सुकवलेले ०८१३. हे कोड नुसते कागदी नसतात बरं का, रशियाने ऑगस्ट २०१४ मध्ये युरोपच्या फळांवर बंदी घातली तेव्हा ताजा पीच अडकला आणि युरोपला लगेच शेतकऱ्यांसाठी तातडीची मदत काढावी लागली, पाकातला पीच मात्र त्या यादीत नव्हता.

अजून एक, यावर भलेभले घसरतात. निर्यातीचे टन हे निव्वळ वजनाचे असतात आणि त्यात पाक धरलेला असतो. नेहमीचा मोठा घरगुती डबा घ्या, निव्वळ वजन ८२० ग्रॅम लिहिलेलं असतं आणि निथळलेलं फळ ४८० च्या आसपास. म्हणजे चाळीस टक्क्यांच्या वर तुम्ही साखरपाणी मोजताय. हॉटेल आणि शाळांकडे जाणारा तीन किलोच्या आसपासचा ए-१० डबा असतो त्यात हे प्रमाण वेगळं, कपात आणखी वेगळं. त्यामुळे दोन देशांचा टनाचा भाव शेजारी ठेवून हा स्वस्त तो महाग असं म्हणू नका, आधी निथळलेल्या वजनावर आणा. साखर महागली की दाट पाकाचा डबा आणि पातळ पाकाचा डबा यांच्यातलं अंतरही बदलतं, खरेदीदार तेव्हा पातळ पाकाकडे किंवा फळाच्या रसातल्या डब्याकडे वळतात.

वर्षाचंही बघा. ग्रीसचा माल सप्टेंबरपर्यंत भरून होतो आणि पुढचा उन्हाळा येईपर्यंत विकला जातो, त्यामुळे जानेवारी ते डिसेंबर असा आकडा घेतलात तर दोन हंगाम एकात मिसळतात. २०२१ च्या वसंतात तिथे हिमदवाने बागा झोडपल्या, त्याचा परिणाम तुम्हाला २०२१ च्या आकड्यात थोडा आणि २०२२ च्या पहिल्या सहामाहीत बराच दिसेल. दक्षिण आफ्रिका, चिली, अर्जेंटिना यांना कॅलेंडर वर्ष चालतं. महिनावार आकडे मिळत असतील तर ग्रीस आणि कॅलिफोर्नियासाठी जुलै ते जून असं स्वतः जुळवून घ्या, तक्ता केलात की इथे टाका, मी आणि हिशेबनीस दोघं नजर घालतो.